ईआरपीच्या व्हीएमचा इन्क्रिमेंटल रोज १६० जीबी, फाईल सर्व्हरचा दर गुरुवारी २५० जीबी. एवढं बदलतंय तरी काय?

भोसरीवाला

नमस्कार मंडळी, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. आमचं भोसरी एमआयडीसीत युनिट आहे, दोन ईएसएक्सआय होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर), एक शेअर्ड स्टोरेज, त्यावर डझनभर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि बॅकअपला वीम नावाचं सॉफ्टवेअर. रोज रात्री साडेदहाला इन्क्रिमेंटल, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेला तेवढाच भाग, लोकल नॅसवर (नेटवर्कवरचं स्टोरेज) जातो आणि तिथून कॉपी जॉब ५० एमबीपीएसच्या लीज्ड लाईनवरून हडपसरच्या ऑफिसला. आत्तापर्यंत सगळ्या व्हीएम मिळून रात्रीचे ४० जीबीच्या आसपास यायचे, लाईन ताशी २० जीबी देते म्हणजे दोनेक तासांत विषय संपायचा, कोणाला पत्ता पण लागायचा नाही.

गेल्या महिन्यापासून एकट्या ईआरपीच्या व्हीएमचा इन्क्रिमेंटल १६० जीबी येतोय, आधी १२ यायचा. विंडोज सर्व्हर २०१९ आहे, सी ड्राईव्ह १०० जीबी, डी ड्राईव्ह दीड टीबी, डीवर एसक्यूएल सर्व्हर, डेटाबेस ४०० जीबीचा. आता मला सांगा, स्टोअरवाले आणि अकाउंट्सवाले मिळून दिवसाला एवढा डेटा टाईप करणारेत का? कॉपी सकाळी नऊपर्यंत चालते, हडपसरचे लोक त्याच लाईनवरून ईआरपी उघडतात, मग सात वाजल्यापासून माझा फोन सुरू, स्क्रीन उघडत नाही, चलन निघत नाही, गाडी गेटवर उभी आहे.

दुसरं म्हणजे फाईल सर्व्हर. तो रोज शहाण्यासारखा १० जीबी देतो आणि फक्त गुरुवारी रात्री २५० जीबी. गुरुवारी आमची सुट्टी असते! कंपनीत वॉचमन सोडून कोणी नसतं. गुरुवारची कॉपी शुक्रवार रात्रीच्या अंगावर येते आणि मग शनिवारपर्यंत सगळं रखडतं.

वीमच्या जॉबमध्ये मी काहीही बदललेलं नाही. सीबीटी (डिस्कचे कोणते ब्लॉक बदलले त्याची व्हीएमवेअर ठेवतं ती नोंद) चालू आहे. एकाने सांगितलं सीबीटी रीसेट कर, करू का?

टेपड्राईव्ह

थांब, रीसेट वगैरे लगेच करू नको. सीबीटी रीसेट केलं की पुढच्या रनला अख्खी डिस्क वाचावी लागते, म्हणजे आहे त्या त्रासात अजून एका रात्रीची भर. ते शेवटचं औषध, ताप कशाचा ते कळल्यावर.

आधी जॉबचं सेशन उघड, त्या एका व्हीएमवर क्लिक कर आणि तीन आकडे दे, प्रोसेस्ड किती, रीड (डिस्कवरून वाचलेलं) किती, ट्रान्सफर्ड (दाबून पाठवलेलं) किती. लोक नुसती फाईलची साईज बघतात आणि तर्क लढवत बसतात, खरी गोष्ट या तीन आकड्यांत असते. रीड जर अख्ख्या डिस्कएवढं असेल, म्हणजे तुझ्या केसमध्ये १.६ टीबी, आणि ट्रान्सफर्ड थोडंसंच असेल तर सीबीटीची माहिती बाद झालेली आहे, वीम बिचारा सगळी डिस्क वाचून स्वतः तुलना करतोय, वेळ जातो पण बॅकअप फुगत नाही. होस्ट दाणकन बंद पडला की हे हमखास होतं. गुरुवारचं म्हणतोयस म्हणून विचारतो, पुण्यात गुरुवार म्हणजे एकतर पाणी नाही नाहीतर लाईट नाही, तुमच्याकडे यूपीएस किती वेळ टिकतो? होस्ट नीट शटडाऊन होतात का झोपतात?

पण रीड पण मोठं आणि ट्रान्सफर्ड पण त्या मानाने मोठं असेल तर सीबीटी खरं बोलतंय, आतून कोणीतरी खरोखर लिहितंय, ते शोधावं लागेल. आणि बघताना डिस्कवार बघ, सी का डी, अर्धं काम तिथेच होतं.

हिंजवडी_नाईटशिफ्ट

सगळ्यात आधी एक गोष्ट बघ रे दादा, घाबरवत नाहीये पण इन्क्रिमेंटल अचानक फुगणं हे रॅन्समवेअरचं पण लक्षण असतं. फायली एन्क्रिप्ट होतात म्हणजे सगळे ब्लॉक बदलतात. फाईल सर्व्हरवर विचित्र एक्सटेन्शनच्या फायली, प्रत्येक फोल्डरमध्ये एकच टेक्स्ट फाईल, असं काही दिसतंय का? आणि कॉम्प्रेशनचा रेशो बघ. एन्क्रिप्ट झालेला डेटा दाबला जातच नाही, त्यामुळे नेहमी अर्ध्यावर येणारा बॅकअप एकदम जसाच्या तसा यायला लागला तर सुट्टी बिट्टी विसरून ऑफिस गाठ. सुट्टीच्या दिवशी काम उरकणं त्या लोकांना आवडतं म्हणून गुरुवार ऐकून जरा कान टवकारले.

भोसरीवाला

दोघांचेही आभार. आकडे काढले.

ईआरपी, कालची रात्र: रीड ३५० जीबी, ट्रान्सफर्ड १६०. त्यातलं जवळजवळ सगळं डी ड्राईव्हचं, सी मध्ये पाच सहा जीबी फक्त. फाईल सर्व्हर, गेला गुरुवार: रीड ४०० च्या थोडं वर, ट्रान्सफर्ड २५०, व्हॉल्यूम २ टीबीचा आहे त्यामुळे अख्खी डिस्क वाचली असं काही नाही. रेशो दोन्हीकडे आधीसारखाच वाटतोय, ड्रॉइंग आणि पीडीएफ असल्यामुळे फाईल सर्व्हरचा पहिल्यापासूनच जेमतेम असतो. विचित्र फायली कुठेही नाहीत, बरंच फिरून बघितलं, अँटीव्हायरसचे लॉग पण स्वच्छ.

लाईट गेली होती खरी पण जनरेटर आहे, होस्टचा अपटाईम तीन महिन्यांच्या वर दाखवतोय, म्हणजे तो मुद्दा बाद.

फाईल सर्व्हरवर बदललेल्या फायली शोधल्या, गुरुवारी दिवसभरात मॉडिफाय झालेल्या सगळ्या मिळून १ जीबी पण भरत नाहीत. मग ४०० जीबी कुठून आले? हां अजून एक, याचा संबंध नसेल पण सांगून ठेवतो, डिझाईनवाले म्हणतात की शुक्रवारी राईट क्लिक करून प्रीव्हियस व्हर्जन्स बघितलं तर बुधवारच्या आधीचं काहीच दिसत नाही, इतर दिवशी दिसतं. ते वेगळं बघणारच आहे.

एसक्यूएलताई

ईआरपीचं मी सांगते, डीवर कुठेतरी .बॅक फाईल, म्हणजे एसक्यूएलच्या स्वतःच्या बॅकअपची फाईल, पडत असणार, पैज लावते. डेटाबेस ४०० चा, त्यात वापरलेली जागा सव्वातीनशेच्या आसपास असेल, आणि तुमचं रीड ३५०. आकडा स्वतःच बोलतोय. एसक्यूएलचा फुल बॅकअप वापरलेली पानंच उचलतो, त्यामुळे कॉम्प्रेशन बंद असेल तर .बॅकची साईज तेवढीच येते.

मॅनेजमेंट स्टुडिओत एसक्यूएल सर्व्हर एजंटखाली जॉब्स बघा आणि मेंटेनन्स प्लॅन्स पण बघा, ते वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि लोक तिथे जातच नाहीत. तिथे काही नसेल तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये बघा, काही व्हेंडर बॅच फाईल लावून जातात. तेही नसेल तर एमएसडीबी डेटाबेसमध्ये बॅकअपसेट नावाचं टेबल असतं, त्यात प्रत्येक बॅकअप कधी झाला, कोणत्या युजरने घेतला, किती मोठा, सगळं लिहिलेलं असतं. तिथे लपवता येत नाही. फक्त एक, त्याच यादीत वीमच्या स्नॅपशॉटच्या नोंदी पण दिसतील, त्यांच्यावर इज स्नॅपशॉटच्या कॉलममध्ये १ असतो, त्या सोडून द्या.

आणि मॉडिफाईड तारखेवर फार विसंबू नका. एसक्यूएलची एमडीएफ फाईल दिवसभर उघडी असते, आत धडाधड लिहिणं चालू असतं तरी एक्सप्लोररमध्ये तारीख जुनीच दिसते. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये लॉजिकल डिस्कचा राईट बाईट्सचा काउंटर रात्रभर लावून ठेवा, किती वाजता डोंगर येतो ते बघा, वेळ कळली की चोर सापडतो.

त्या प्लॅनमध्ये रीबिल्ड इंडेक्स पण असेल तर तेही सांगा. सगळे इंडेक्स रीबिल्ड म्हणजे सगळी पानं नवीन जागी लिहिली जातात, वर लॉग वेगळा. ज्या रात्री ते चालतं त्याच्या पुढचा इन्क्रिमेंटल फुगणारच.

रूट_कात्रज

आम्ही ईएसएक्सआयऐवजी प्रॉक्समॉक्सवर गेलो, तिकडे पण गंमत आहेच. डर्टी बिटमॅप (तिकडचं सीबीटी) व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या प्रोसेसमध्ये राहतो, आतून रीबूट केलं तर टिकतो पण व्हीएम बंद करून परत चालू केली की गेला, मग पुढचा बॅकअप अख्खी डिस्क वाचतो. बॅकअप सर्व्हर कंटेंट बघून डीडुप करतो, म्हणजे सारखे तुकडे एकदाच ठेवतो, म्हणून जागा खात नाही, पण तिथे व्हीएमचे तुकडे ठरलेले ४ एमबीचे असतात, एकाच तुकड्यात ४ केबी बदललं तरी तुकडा नवीन. त्यामुळे डीडुप आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना पण डेटाबेसवाल्या व्हीएम रडवतातच.

भोसरीवाला

ताई, पैज जिंकलात. मेंटेनन्स प्लॅनच होता. आमच्या ईआरपी कन्सल्टंटने गेल्या महिन्यात अपग्रेड केलं तेव्हा "सेफ्टीसाठी" म्हणून लावून ठेवलाय, रोज रात्री ९ ला फुल बॅकअप, डीवर एका फोल्डरमध्ये, ३३० जीबीची फाईल, कॉम्प्रेशन बंद, दोन दिवसांपूर्वीची डिलीट. आम्हाला एक मेल टाकला असता तर काय बिघडलं असतं. रीबिल्ड इंडेक्स पण आहे पण रविवारी, रविवारचा आकडा थोडा जास्तच दिसतो, आता कळलं का.

एक शंका आहे मात्र. आजची .बॅक फाईल आणि कालची .बॅक फाईल यात फरक तो किती असणार, ९९ टक्के डेटा तोच. मग इन्क्रिमेंटलने फरकच फक्त उचलायला पाहिजे ना? आणि कन्सल्टंट म्हणतोय की .बॅक आम्हाला लागतेच, काही झालं तर आम्ही त्यातूनच रिस्टोर करतो, तुमचं वीम बिम आम्हाला कळत नाही.

टेपड्राईव्ह

सीबीटीला फाईल कळत नाही, आत काय लिहिलंय तेही कळत नाही, त्याला फक्त एवढंच माहिती की व्हर्च्युअल डिस्कच्या या या भागावर मागच्या बॅकअपनंतर राईट झालं. घरातली तीच भांडी या कपाटातून त्या कपाटात ठेवली तर त्याच्या लेखी दोन्ही कपाटं हलली. तुझी आजची .बॅक लिहिली जाते तेव्हा कालची अजून जागेवर असते, म्हणजे नवीन फाईल नवीन ब्लॉकवरच जाणार, दुसरा इलाजच नाही. परवाची डिलीट होऊन मोकळी झालेली जागा उद्या परत भरणार. असं चक्र रोज ३३० जीबीचं. वीम वाचताना दाबतो म्हणून तुला १६० दिसतात.

आता उपाय. कन्सल्टंटशी भांडू नको, त्याला .बॅक हवी तर घेऊ दे, फक्त डीवर नको. एक पर्याय म्हणजे प्लॅनचा पाथ बदलून थेट नॅसच्या शेअरवर टाक, एसक्यूएल सर्व्हिस ज्या अकाउंटने चालते त्याला त्या शेअरवर लिहायची परवानगी लागेल, तिथेच नव्वद टक्के लोक अडकतात. दुसरा, व्हीएमला वेगळी व्हीएमडीके (व्हर्च्युअल डिस्क) लावून तिला ई ड्राईव्ह कर, डम्प तिथे, आणि वीमच्या जॉबमध्ये ती डिस्क वगळ. इंडिपेंडंट मोडला टाकलीस तरी चालेल, त्या मोडच्या डिस्कचा स्नॅपशॉटच होत नाही त्यामुळे बॅकअपमध्ये येत नाही. पण मग लक्षात ठेव, रिस्टोर केलेल्या व्हीएमला ई ड्राईव्ह नसेल आणि त्या रात्रीचा प्लॅन फेल होईल, तेव्हा घाबरायचं नाही. मला विचारशील तर नॅस. डम्प आणि डेटाबेस एकाच स्टोरेजवर ठेवून स्टोरेजच गेलं तर ती सेफ्टी कसली.

एसक्यूएलताई

यात दोन गोष्टी जोडते. कॉम्प्रेशन चालू करा, २००८ आर२ पासून स्टँडर्ड एडिशनमध्ये पण मिळतं, ईआरपीचा डेटा चांगला दाबला जातो, नॅसवर जागा पण वाचेल आणि नेटवर्कवर वेळ पण.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वीममध्ये ॲप्लिकेशन अवेअर (डेटाबेसला कळवून घेतला जाणारा बॅकअप) चालू असेल आणि ते लॉग ट्रंकेट करत, म्हणजे छाटत असेल, आणि कन्सल्टंटने पण स्वतःचे लॉग बॅकअप लावलेले असतील, तर दोघं मिळून लॉगची साखळी तोडतात आणि ऐन रिस्टोरच्या वेळी कळतं की मधला तुकडा दुसऱ्याकडे आहे. लॉग कोण सांभाळणार ते एकच ठरवा. त्याचा फुल बॅकअप कॉपी ओन्ली करून घ्या म्हणजे डिफरेन्शियलचा (मागच्या फुलपासूनच्या बदलांचा बॅकअप) हिशोब बिघडत नाही.

आणि रविवारचं सरसकट रीबिल्ड बंद करून ओला हॅलेनग्रेनच्या स्क्रिप्ट लावा, फुकट आहेत. ५ टक्क्यांच्या खाली फ्रॅगमेंटेशन असेल तर हातच लावत नाही, ५ ते ३० मध्ये रीऑर्गनाईज आणि ३० च्या वर रीबिल्ड, आणि १००० पानांपेक्षा लहान इंडेक्स सोडून देते. रविवारचा आकडा आपोआप खाली येईल.

पेठेतला_सिसॅडमिन

ईआरपीच्या गोंधळात सगळ्यांनी फाईल सर्व्हर बाजूला टाकला. भोसरीवाले, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय आणि वर "संबंध नसेल" असं लिहिलंय. प्रीव्हियस व्हर्जन्स गायब होणं आणि ४०० जीबी रीड हा एकच आजार आहे.

फायली बदललेल्या नाहीत, तारखा जुन्या, तरी ब्लॉक बदलले. म्हणजे फायली जागेवरून हलल्यात, आणि हे काम डिफ्रॅगचं. डिफ्रॅग फाईल उचलून दुसरीकडे ठेवतो, मॉडिफाईड तारीख बदलत नाही, म्हणून तुमच्या शोधात १ जीबी पण सापडला नाही. सीबीटीला मात्र सगळे राईट दिसले.

आता प्रीव्हियस व्हर्जन्स, ती विंडोजच्या शॅडो कॉपीतून येतात. शॅडो कॉपी १६ केबीच्या ब्लॉकने काम करते, जुना ब्लॉक बदलायच्या आधी त्याची प्रत बाजूला काढून ठेवते. तुमचा व्हॉल्यूम बहुतेक डीफॉल्ट ४ केबी क्लस्टरने (फाईलला जागा देण्याचा सगळ्यात लहान तुकडा) फॉरमॅट झालाय. क्लस्टर १६ केबीपेक्षा लहान असेल तर शॅडो कॉपीला नुसती हलवाहलव आणि खरा बदल यातला फरक ओळखता येत नाही, मग डिफ्रॅगने हलवलेल्या प्रत्येक ब्लॉकची ती इमानदारीत प्रत काढत बसते. ते पण त्याच व्हॉल्यूमवर, म्हणजे डबल राईट. शॅडो कॉपीची ठरवून दिलेली जागा भरते आणि जुन्या कॉप्या उडायला लागतात. म्हणून शुक्रवारी बुधवारच्या आधीचं काही दिसत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट सांगतं की शॅडो कॉपी वापरायच्या असतील आणि डिफ्रॅग पण करायचा असेल तर क्लस्टर १६ केबी किंवा वर ठेवा.

खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये डिफ्रॅगचा इव्हेंट २५८, आणि सिस्टीम लॉगमध्ये व्होलस्नॅपचा (शॅडो कॉपीचा ड्रायव्हर) ३३, "जागेच्या मर्यादेसाठी सगळ्यात जुनी शॅडो कॉपी काढली" अशा अर्थाचा. दोन्हीच्या वेळा गुरुवारच्या निघाल्या तर प्रश्न मिटला. मग टास्क शेड्युलर बघा, मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधला नेहमीचा डिफ्रॅगचा टास्क आणि वरच्या पातळीवर कोणी हाताने लावलेला एखादा. गुरुवार बघता मला तर हाताने लावलेलाच वाटतोय, सुट्टी आहे, कोणी नसतं, करून टाकू, असा विचार कोणीतरी कधीकाळी केला असणार, फिजिकल सर्व्हरच्या जमान्यात तो बरोबर पण होता. आता खाली शेअर्ड स्टोरेज आहे, विंडोजला जे सलग दिसतं ते खाली सलग नसतंच, त्यामुळे डिफ्रॅग करून हाती काही लागत नाही. बंद करा.

भोसरीवाला

पेठेतले साहेब, दंडवत. व्होलस्नॅपचे ३३ नंबरचे इव्हेंट गुरुवारी सकाळी नऊपासून ओळीने, दुपारी २५८. टास्क वरच्या पातळीवरच होता, माझ्या आधी जो मुलगा होता त्याच्या युजरने बनवलेला, तेव्हा हा सर्व्हर फिजिकल होता, नंतर पीटूव्ही करून व्हीएम केलाय, टास्क तसाच आत आला. क्लस्टर साईज पण ४ केबीच निघाली. डिसेबल केला. आधीच्या गुरुवारी हे एवढं का जाणवलं नाही ते पण कळलं, तेव्हा ईआरपीचे १६० नव्हते त्यामुळे शुक्रवारी दिवसभरात कॉपी कशीबशी संपून जायची आणि कोणी बोंबलत नव्हतं.

ईआरपीचा डम्प नॅसवर वळवला, सर्व्हिस अकाउंटच्या परवानगीत अडकलोच, टेपड्राईव्हने सांगितलं होतं तसं. कॉम्प्रेशन लावून .बॅक ७० जीबीवर आली. कन्सल्टंटला पाथ मेल केला, तो "ओके नोटेड" म्हणाला. काल रात्रीचा ईआरपीचा इन्क्रिमेंटल २२ जीबी. हडपसरची कॉपी दीडच्या आत संपली, सकाळी एकही फोन नाही.

दोन राहिलेले प्रश्न. २२ म्हणजे पूर्वीच्या १२ पेक्षा अजून जास्तच आहे, हे उरलेलं काय? आणि नॅसवर ते जुने १६० जीबीचे ढीगभर व्हीआयबी (वीमच्या इन्क्रिमेंटल फायली) पडलेत, हाताने डिलीट केले तर चालतील का, नॅस ९० टक्के भरलाय.

टेपड्राईव्ह

हाताने अजिबात डिलीट करू नको!! व्हीआयबी एकमेकांवर उभे असतात, मधला काढलास की त्याच्या पुढचे सगळे रिस्टोर पॉईंट गेले. फॉरवर्ड इन्क्रिमेंटल असेल तर जुनी साखळी अख्खी एकदम जाते, नवीन फुल झाल्यावर आणि रिटेन्शन (ठेवायची ठरलेली मुदत) पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत ते ढीग राहणारच. त्यामुळे आता एक ॲक्टिव्ह फुल, म्हणजे पहिल्यापासून पूर्ण बॅकअप, घे, नवीन साखळी स्वच्छ सुरू होईल. डीवरच्या जुन्या .बॅक फायली त्याआधी डिलीट कर, डिलीट झालेल्या फायलींचे ब्लॉक वगळायचा पर्याय जॉबमध्ये डीफॉल्ट चालू असतो, तो आहे ना बघ, म्हणजे ती ६०० का ७०० जीबी नवीन फुलमध्ये येणार नाही. आणि फुल मावेल एवढी जागा नॅसवर आहे का ते आधी मोज, ९० टक्के म्हणतोयस. नसेल तर एखादी यूएसबी डिस्क लावून जुनी साखळी तिकडे हलव, पण वीममधूनच.

२२ चं म्हणशील तर अपग्रेडनंतर ईआरपी जास्त लिहीत असेल, नवीन ऑडिट टेबलं वगैरे, ते ताईंना विचार. एक भाग मात्र आपल्या हातात आहे. एसक्यूएलचं पान ८ केबीचं, आणि वीमचा ब्लॉक लोकल टार्गेटला १ एमबीचा. एक पान बदललं की अख्खा १ एमबी उचलला जातो. जॉबच्या स्टोरेज सेटिंगमध्ये लॅन टार्गेट केलंस तर ५१२ केबी, वॅन टार्गेट केलंस तर २५६. डेटाबेसवाल्या व्हीएमचा वेगळा जॉब करून त्याला २५६ लाव, बाकीच्यांना हात लावू नको, कारण लहान ब्लॉक म्हणजे हिशोबाचं ओझं जास्त आणि जॉब थोडा मंद होतो. हा बदल लागू व्हायला पण ॲक्टिव्ह फुलच लागतो, तर दोन्ही एकदमच उरकून घे.

आणि फुल गुरुवारी दिवसा चालव, आता ती वेळ मोकळी झालीये. फक्त हडपसरचा कॉपी जॉब आधी बंद कर, नाहीतर तो अख्खा फुल लाईनवर चढवायला घेईल. नवीन फुल एखाद्या डिस्कवर घालून गाडीने हडपसरला ने आणि तिथे सीड (सुरुवातीची प्रत) म्हणून मॅप कर, भोसरी ते हडपसर ट्रॅफिक धरून सुद्धा ५० एमबीपीएसपेक्षा लवकर पोचशील.

भोसरीवाला

जागा मोजली, मावत नाही, त्यामुळे आधी डिस्कवर हलवतोय. ऑडिट टेबलचा अंदाज पण बरोबर दिसतोय, कन्सल्टंट म्हणाला प्रत्येक व्हाउचरचं आधीचं आणि नंतरचं रूप ठेवतो नवीन व्हर्जनमध्ये. ते अकाउंट्सच्या साहेबांनीच मागितलंय म्हणे, मग तेवढे जीबी त्यांच्या खात्यावर. वॅन टार्गेटवाला वेगळा जॉब बनवून ठेवलाय, गुरुवारी फुल लावतो.